घरचे कपडे शेवटी

लाँड्रीवाल्याच्या घरात एकच नियम होता, आणि तो देवाने नाही, लाँड्रीवाल्याच्या बापाने घालून दिला होता. आधी गिऱ्हाइकांचे कपडे, घरचे शेवटी. आता गिऱ्हाइकांचे कपडे संपणं म्हणजे समुद्र आटणं. त्यामुळे 'शेवटी' कधी उजाडतच नसे. सुट्टीच्या दिवशी घरचे कपडे कसेबसे पाण्यातून निघत, दोरीवर पडत, आणि दोरीवरून थेट अंगात जात. इस्त्री त्यांना शेजारणीसारखी होती. रोज दिसायची, पण येणंजाणं नाही.

अख्ख्या गल्लीला परीटघडीत ठेवणारा हा माणूस स्वतः पिशवीतून काढल्यासारखा दिसे. त्याची बायको म्हणायची, "लाँड्रीवाल्याशी लग्न केलं आणि जन्मभर चुरगळलेली राहिले. माहेरी निदान साडी उशीखाली तरी घालत होते."

"मग घाल की उशीखाली," लाँड्रीवाला म्हणायचा.

"उशीखाली जागा आहे कुठे? गिऱ्हाइकांचे टॉवेल आहेत तिथे."

त्यांच्या एकुलत्या एका मुलाला तर गल्लीने नावच 'चुरगळ्या' ठेवलं होतं. दुसऱ्यांचे कडक कपडे तो हातावर आडवे घेऊन घरोघर पोचवायचा, एखाद्या राजाचा पोशाख न्यावा तसे, आणि स्वतः मात्र त्या राजाचं घोडं पुसायच्या फडक्यासारखा दिसायचा. त्याला त्याचं काही नव्हतं. तो म्हणायचा, "बाबा, तू मला एकदा इस्त्री करून पाठव. लोक ओळखायचेच नाहीत. उधारी बुडवून पळता येईल."

त्याचा आणखी एक गुण होता. उन्हाळा लागला की त्याचा घोळणा फुटायचा, नाकातून रक्ताची धार. लहानपणी भर जेवणात, शाळेत, एकदा तर मामाच्या लग्नाच्या फोटोत. मग लाँड्रीवाला त्याला मोरीत बसवायचा, डोक्यावर गार पाणी ओतायचा, मानेवर ओलं फडकं ठेवायचा आणि शर्ट लगेच गार पाण्यात बुडवायचा. "रक्ताला गार पाणी," तो सांगायचा. "डोकं असो नाहीतर कापड. गरम पाणी लागलं की रक्त कापडात घर करतं. मग ब्रह्मदेव आला तरी भाडेकरू निघत नाही." पोराला हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

त्या उन्हाळ्यात भर दुपारी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या डोक्यात कुणीतरी लोखंडी वजन घातलं आणि गल्ला रिकामा करून पोबारा केला. औषधवाला वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने जबाब दिला की चेहरा काही आठवत नाही, पण निळा शर्ट होता, आणि काय इस्त्री होती हो! बाहीच्या घडीने हात कापला असता.

हवालदाराने यावर फार विचार केला नाही. इस्त्री म्हणजे लाँड्री. लाँड्री म्हणजे लाँड्रीवाला. लाँड्रीवाला त्या वेळी दुकानात दहा माणसांसमोर प्रेस चालवत होता, म्हणजे मुलगा. आणि मुलगा सकाळी निळ्या शर्टातच फिरताना दिसला होता. तपास संपला. हवालदार हा शोध लावायला आला तेव्हा त्याच्या अंगावरचा गणवेश लाँड्रीवाल्यानेच आदल्या दिवशी इस्त्री केलेला होता. हा नियम लावायचा तर हवालदारापासून शाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत निम्मं गाव आत घालावं लागलं असतं. पण हे त्या वेळी कुणाला सुचलं नाही. सुचायला पाहिजे ती गोष्ट सुचायला पाहिजे तेव्हा सुचली असती, तर ही गोष्टच झाली नसती.

चुरगळ्या तेव्हा अंगात पिवळा शर्ट घालून दुकानात बोचकी बांधत होता.

"निळा शर्ट कुठाय?" हवालदाराने विचारलं.

"घरी. मळक्या कपड्यांच्या टोपलीत," तो म्हणाला. "दुपारी बदलला."

"का बदलला?"

"घाण झाला होता."

हवालदाराने लाँड्रीवाल्याकडे पाहिलं. "काका, मी याला जरा साहेबांकडे घेऊन जातो. चौकशी फक्त. तो शर्ट आहे तसा राहू द्या, हात लावू नका. उद्या पंच घेऊन येतो आणि रीतसर ताब्यात घेतो."

"जाऊन येतो रे बाबा," चुरगळ्या म्हणाला आणि निघाला. जाताना त्याने हवालदाराच्या कॉलरला चिकटलेला एक दोरा काढून टाकला. धंद्याची सवय.

घरी कुणी नव्हतं. बायको बहिणीकडे गेली होती. दिवेलागणीची वेळ. लाँड्रीवाल्याने टोपली उपडी केली. निळा शर्ट तळाशी होता, गोळा करून कोंबलेला. त्याने तो उलगडला. छातीवर रक्त होतं, उजव्या बाहीवरही होतं, पुसल्यासारखं.

आता खरं तर हा माणूस असं रक्त वीस उन्हाळे बघत आला होता. छातीवर ठिबकलेलं आणि बाहीने पुसलेलं रक्त कशाचं असतं हे त्याच्याइतकं त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या घटकेला त्याला घोळणा आठवला नाही. त्याला आठवलं ते वेगळंच. काही दिवसांपूर्वी औषधवाल्याने एका हरवलेल्या बटणावरून पोराला चारचौघांत 'चोर' म्हटलं होतं, आणि पोरगा घरी येऊन भांडी आपटत म्हणाला होता, "एक दिवस याचं टकलंच इस्त्रीखाली घालतो बघ." तेव्हा लाँड्रीवाला पोट धरून हसला होता. आता तेच वाक्य टोपलीतून निघावं तसं त्याच्यासमोर उभं राहिलं, आणि त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

केलं यानेच, त्याला वाटलं. फार तर श्वासभर वाटलं असेल. पण तेवढ्यात हात नळाकडे गेले होते.

गार पाणी, मीठ, साबण, पुन्हा गार पाणी. त्याने शर्ट असा धुतला की कापडाला स्वतःचा जन्म आठवावा. डाग गेला. मग ओला शर्ट तसाच ठेवायचा कसा, म्हणून तो दुकानात नेला, वाफेवर वाळवला, आणि इस्त्री मारली. का मारली हे त्याला पुढे कितीतरी लोकांनी विचारलं. धुतलेला कपडा समोर आला की हात थांबत नाहीत, एवढंच उत्तर होतं. धुतला भीतीने, इस्त्री मारली सवयीने. जन्मात पहिल्यांदा त्याने आपल्या पोराच्या शर्टाला इस्त्री केली, आणि ती अशी केली की बाहीच्या घडीने हात कापला असता.

दुसऱ्या दिवशी हवालदार पंचांना घेऊन आला. लाँड्रीवाल्याने कागदात गुंडाळलेला, टाचणी लावलेला शर्ट पुढे केला. हवालदाराने कागद उघडला आणि डोक्यावरची टोपी काढली. कुणी गेल्यावर काढतात तशी.

"काका, हे काय केलंत?"

"मळका होता," लाँड्रीवाला म्हणाला.

पंचनाम्यात लिहिलं गेलं: एक निळा शर्ट, स्वच्छ, कडक इस्त्रीचा.

दुपारी त्याला पोराला भेटू दिलं. चुरगळ्या गजांच्या मागे मांडी घालून बसला होता, तोंडावर हसू.

"बाबा, शर्ट दिलास ना?"

"दिला."

"मग झालं. काल उन्हात घोळणा फुटला रे माझा, नळावर बसलो होतो. त्या शर्टावर रक्त आहे माझं. वर सुरकुत्या तर बघायलाच नकोत. औषधवाल्याला दाखवला की तो म्हणेल हा शर्ट नव्हेच. मी साहेबांना म्हटलं, तपासा की खुशाल. माझ्या नाकाचं आहे म्हणून कळेल." तो गजाला टेकला. "तुझ्या कृपेने कुणी एवढा चुरगळलेला चोर बघितला नसेल."

लाँड्रीवाला उभा होता. त्याला वाटलं आपले हात अजून ओले आहेत, म्हणून त्याने ते शर्टाला पुसले. कोरडेच होते.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. जेवलास का?"

पुढचं सगळं रुळावरून गेल्यासारखं गेलं. औषधवाल्याला चेहरा आठवत नव्हता, म्हणून ओळख परेड शर्टाची झाली. हँगरवर पाच निळे शर्ट. चार पोलिसांनी घरून आणलेले, खुंटीवरचे, आणि पाचवा लाँड्रीवाल्याचा. औषधवाला रांगेपुढून डोक्याला पट्टी बांधून गेला, आणि त्याने सगळ्यांत कडक शर्टावर बोट ठेवलं. कारागिराला यापेक्षा मोठी पावती काय मिळणार?

जामीन मागितला तर सरकारी वकील म्हणाले, याला घरी कशाला सोडता? उरलेले पुरावेही धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवतील. कोर्टात हशा झाला. जामीन नाकारला गेला. कागदांवर आरोपीच्या नावापुढे 'उर्फ चुरगळ्या' असं आलं, आणि ते वाचणाऱ्याला वाटे, बापरे, काय खतरनाक माणूस असेल, किती जणांना चुरगळलंय कोण जाणे.

गल्लीही तिच्या परीने न्याय करत होती. कपडे येणं कमी झालं. "तसा पोरगा चांगला होता," लोक म्हणत. जिवंत माणसाबद्दल 'होता' म्हणायला लोकांना कोर्टाचा निकाल लागत नाही. एक बाई टॉवेल परत न्यायला आली आणि म्हणाली, "काही झालं तरी धूर दिसला म्हणजे कुठेतरी आग असणारच ना."

"माझ्या दुकानात रोज दिसतो," लाँड्रीवाला म्हणाला. "वाफ असते ती."

बायको त्याच्याशी पहिले कित्येक दिवस बोललीच नाही. मग एका सकाळी कपडे पिळता पिळता म्हणाली, "मी असते तर म्हटलं असतं, अहो, नाकाचं आहे ते."

"मलाही माहीत होतं."

"मग?"

लाँड्रीवाल्याने पिळा दोरीवर टाकला.

पोराची केस लढवणाऱ्या वकीलबाई तरुण होत्या आणि त्यांचे गळ्यातले पांढरे बँड खळ घालून कडक करायला लाँड्रीवाल्याकडेच यायचे. एका उन्हाळ्याचा दुसरा झाला तेव्हा कागद चाळता चाळता त्यांनी मान वर केली. "अहो, याला चुरगळ्या का म्हणतात?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. इतकं उघड होतं ते, की कुणी विचारलंच नव्हतं.

"कारण तो चुरगळलेला असतो," बायको म्हणाली. "आम्ही सगळेच असतो. घरचे कपडे शेवटी."

वकीलबाई खुर्चीतून उठल्याच. मग जे साक्षीदार कोर्टात आले ते त्या कोर्टाने आधी कधी पाहिले नसतील. टपालवाल्याने शपथेवर सांगितलं की या घरातल्या माणसाला त्याने कधी इस्त्रीच्या कपड्यात पाहिलेलं नाही. शाळेच्या मास्तरांनी सांगितलं की बक्षीस घ्यायला हा मुलगा मंचावर आला तेव्हा त्यांना वाटलं तो मंच झाडायला आलाय. लाँड्रीवाल्याच्या मेव्हणीने त्याच्याच लग्नाचा फोटो दाखल केला, त्यात नवरदेव असा दिसत होता की आताच कुणीतरी त्याच्यावरून उठलंय. न्यायाधीश म्हातारे होते, त्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि चष्मा पुसला. कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा चोर हा मुलगा असूच शकत नव्हता. गल्लीभर लोक जे हसत आले होते तेच त्याच्या कामी येत होतं. पिंजऱ्यात चुरगळ्या वाळून काटकी झाला होता, पण त्या दिवशी तो कित्येक महिन्यांनी हसला आणि बापाकडे बघून त्याने डोळा मारला.

शेवटी लाँड्रीवाला उभा राहिला. वकीलबाईंनी त्याला बजावलं होतं, "शर्ट का धुतला विचारतील. हाताची सवय म्हणा. त्यापुढे एक अक्षर बोलू नका."

सरकारी वकील उठले. त्यांच्या कोटाची घडीही ओळखीची होती.

"तुमच्या घरात घरचे कपडे शेवटी. सुट्टीच्या दिवशी. बरोबर?"

"हो साहेब."

"कधीही नियम मोडला नाही?"

"नाही."

"इस्त्री कधीच नाही?"

"नाही."

"तो दिवस सुट्टीचा होता?"

"नाही."

"मग त्या संध्याकाळी, पोलिसांनी हात लावू नका म्हटलं असताना, नेमका तोच एक शर्ट का धुतला?"

लाँड्रीवाल्याने तोंड उघडलं. सवय म्हणायचं होतं. पण सवय होती म्हटलं, की टपालवाला खोटा, मास्तर खोटे, लग्नाचा फोटोही खोटा, आणि पोरगा पुन्हा कडक इस्त्रीचा. सवय नव्हती म्हटलं, तर एकच गोष्ट उरत होती, आणि ती ऐकायला पोरगा समोर उभा होता. चुरगळ्या मान हलवत होता, बोल ना बाबा, खरं ते सांगून टाक, म्हणून. त्याला काय माहीत खरं काय होतं. इतके दिवस त्याला वाटत होतं, म्हाताऱ्याने घाबरून, वेंधळेपणाने, सवयीने काहीतरी केलं. तेवढ्यावर त्याने दोन उन्हाळे काढले होते.

"सवय नव्हती साहेब," लाँड्रीवाला म्हणाला. "त्याच्यावर रक्त होतं. मला वाटलं, यानेच केलं."

वकीलबाईंनी डोळे मिटले.

"म्हणजे जन्मदात्या बापालासुद्धा..." सरकारी वकील न्यायाधीशांकडे वळले.

"मला वाटलं," लाँड्रीवाला पुन्हा म्हणाला. "त्याचा घोळणा फुटतो, मला माहीत होतं. लहानपणापासून मीच धुतलंय. त्याला विचारायला पाहिजे होतं. मी नाही विचारलं."

त्याने पोराकडे पाहिलं. चुरगळ्या मान हलवायचा थांबला होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत होता, ओळखीचा वाटणारा पण नाव न आठवणारा माणूस रस्त्यात भेटल्यासारखा. मग त्याने नजर खाली वळवली आणि आपल्या बाहीची सुरकुती हाताने सारखी करू लागला. ती सारखी होण्यातली नव्हती.

निकाल लागला. न्यायाधीशांनी हळू आवाजात वाचून दाखवला. शर्टाची ओळख परेड म्हणजे इस्त्रीची परीक्षा, माणसाची नव्हे. आणि बापाला भीती वाटली, हा मुलाविरुद्धचा पुरावा होत नाही. आरोपीला निर्दोष धरूनच हे कोर्ट चालतं, गुन्हा शाबीत करणं दुसऱ्या बाजूचं काम आहे, ते झालेलं नाही. सोडून द्या.

लाँड्रीवाला शेवटच्या बाकावर बसून ऐकत होता. तो म्हातारा न्यायाधीश त्याच्या पोराला ओळखतही नव्हता. त्याने कधी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं नव्हतं. तरी त्याला पहिल्या दिवसापासून पोरगा निर्दोष धरणं भाग होतं, कायदाच तसा होता. बापाला असं कुठलं कलम लागू नव्हतं. त्याच्या मनावरच सोडलेलं होतं सगळं.

चुरगळ्या घरी आला. गल्ली म्हणाली, पुराव्याअभावी सुटला, म्हणजे पुरावा नाही एवढंच. औषधवाला त्याला बघून रस्ता ओलांडू लागला. खरा चोर कुठल्या लाँड्रीत कपडे टाकतो हे कुणाला कधीच कळलं नाही.

आईने त्याला पोटाशी धरलं, तो तिच्या खांद्यावर खूप वेळ रडला. मग बापाकडे वळून वाकला, पाया पडला आणि म्हणाला, "तुम्ही जेवलात का?"

लाँड्रीवाल्याला आधी वाटलं, मागे कुणी पाहुणा उभा आहे.

पोरगा कामावर आला. बोचकी बांधायचा, घरोघर पोचवायचा, विचारलं तेवढं बोलायचा. चेष्टा नाही, चढा आवाज नाही. अशी अदब, की दुकानात आलेलं नवं गिऱ्हाईक म्हणे, नोकर चांगला मिळाला हो तुम्हाला. एक गोष्ट फक्त बदलली. त्याचे कपडे टोपलीत येईनासे झाले. ते तो स्वतः धुवायचा, स्वतः वाळत घालायचा.

उन्हाळा आला. एके दुपारी दुकानातच त्याचा घोळणा फुटला. लाँड्रीवाल्याने प्रेस तशीच सोडली, फडकं भिजवलं आणि धावला.

"राहू द्या," चुरगळ्या म्हणाला. त्याने हात मध्ये धरला होता. नाकातून रक्त छातीवर ठिबकत होतं. "माझं मी बघतो."

"अरे, मान तरी खाली कर."

"तुम्ही प्रेस बघा. कुणाचं तरी जळेल."

लाँड्रीवाला परत प्रेसकडे गेला. खरंच एका कॉलरचा वास सुटला होता. रक्त थांबल्यावर चुरगळ्याने बाहीने नाक पुसलं, शर्ट काढला, मागच्या बाजूला गेला, बादली घेतली आणि बॉयलरचा नळ सोडला. वाफ उठली. कढत पाणी. लाँड्रीवाल्याच्या तोंडून "अरे" निघून गेलं आणि तिथेच थांबलं. लाँड्रीत जन्मलेला पोरगा होता तो. पाढ्यांच्या आधी पाठ होतं त्याला.

चुरगळ्याने शर्ट कढत पाण्यात बुडवला आणि काठीने खाली दाबून धरला. बराच वेळ. मग पिळला, झटकला आणि रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर घातला, समोरचा भाग बाहेर करून, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा.

छातीवर तपकिरी डाग पक्का बसला होता. बाहीवर पुसल्याचा. शर्ट वाळला तसा त्याने अंगात घातला, गिऱ्हाइकांचे कडक कपडे हातावर आडवे घेतले आणि पोचवायला निघाला.

लाँड्रीवाल्याने जळक्या कॉलरवर ओलं फडकं ठेवलं आणि हलक्या हाताने चोळत राहिला. तो डाग काही निघणार नव्हता.